पाहुणे किती, पाणी किती?

ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत अंतर्भागात काही पशुपालक आपल्या एकाकी घरी प्रवाशांना उतरवून घेतात. तिथे नळयोजना नाही. पाहुणे किती घ्यावेत हे पन्हळी पत्र्याचे छप्परच ठरवते! १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. समजा, छप्पर ३०० चौरस मीटर, वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटर. टाकीत फार तर ६०,००० लिटर येईल. दिवसाला सुमारे १६४. पिण्या-रांधण्यास माणशी १० लिटर धरल्यास सोळा माणसे. त्यांत घरची सहा आहेत, हे विसरू नका.

आंघोळीला विंधनविहीर. ग्रेट आर्टेशियन खोऱ्यात खडकांतील दाबाने पाणी पुष्कळ ठिकाणी आपणहून वर येते, कुठे कुठे इतके कढत की निववावेच लागते! ते क्षारयुक्त असल्याने चहा मात्र छपराच्या पाण्याचा.

आता सांगा, पाऊस निम्माच पडला तर पाहुण्यांसाठी किती खाटा मांडाल?