गणिताचा हलता फळा

फळ्यावर काढलेला त्रिकोण जिथे काढला तिथेच राहतो. दुसरा हवा असेल तर पहिला पुसावा लागतो. पण बोटाने ओढताच आकार बदलणारा त्रिकोण तुम्ही पाहिला आहे का?

2018 साली आलेल्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकात 'जिओजेब्रा' हे नाव आढळते. हे संगणकावर व मोबाईलवर चालणारे एक सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रिया देशातील मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 साली साल्झबर्ग विद्यापीठात ते तयार करण्यास सुरुवात केली. विद्यार्थ्यांना व शिक्षकांना ते विनामूल्य मिळते. 'जॉमेट्री' आणि 'अल्जेब्रा' हे दोन शब्द जोडून त्याचे नाव झाले. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातील 'अल-जब्र' या शब्दावरून 'अल्जेब्रा' आला. तेव्हा या नावाचा अर्धा भाग तुमच्या ओळखीचाच आहे!

आता एक प्रयोग करू. उर्दूत ज्याला आपण दायरा म्हणतो, ते वर्तुळ काढा. त्याचा कुत्र म्हणजे व्यास 'अब' काढा. वर्तुळावर 'क' बिंदू घेऊन तो 'अ' आणि 'ब' यांना जोडा. 'क' जवळचा कोन मोजा. तो 90 अंशांचा, म्हणजे काटकोन भरेल. आता 'क' बिंदू वर्तुळावर सरकवा. त्रिकोण कधी उंच होईल, कधी अगदी चपटा होईल. पण कोन 90 अंशांचाच राहील. फळ्यावर हे दाखवायला दहा आकृत्या काढाव्या लागतील, आणि खडूच्या जाड रेषेमुळे एखादा कोन 89 अंशांचाही भरेल.

आपल्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी लहान मुलांच्या हाती टॅबलेट दिले. त्या छोट्या पाड्याचे नाव डिजिटल शाळेमुळे राज्यभर झाले.

पण घरात एकच मोबाईल असेल आणि तो अब्बांबरोबर कामावर जात असेल तर? मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. तेथे आजीबाई पाटीवरच अक्षरे आणि अंक शिकल्या. वर्तुळासाठीही वही आणि कंपास पुरते.

शिवाय एक गोष्ट पडदा सांगत नाही. कोन 90 अंशांचा आहे हे तो दाखवतो. का आहे, ते आपल्यालाच शोधावे लागते. शंभर वेळा मोजले म्हणून सिद्ध झाले असे गणितात चालत नाही.

तर वही घ्या. वर्तुळाचा मध्य 'म' हा 'क' ला जोडा. मअ, मब आणि मक या तिन्ही त्रिज्या, म्हणून सारख्या. मोठ्या त्रिकोणाचे दोन समद्विभुज त्रिकोण झाले. प्रत्येकात कोणते दोन कोन समान आहेत? मोठ्या त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश असते. मग 'क' जवळचा कोन किती? कोनमापक न वापरता उत्तर लिहा.