पुस्तकांच्या मागून कोकण फिरणाऱ्या नातीस

बाय, मैत्रिणींना घेऊन येणार आहेस आणि या खेपेला आपल्या जिल्ह्यातली पुस्तकांतली गावे बघायची म्हणतेस, तर चार गोष्टी सांगून ठेवते. यातल्या निम्म्या माझ्या आत्याच्या आहेत. ती शिक्षिका होती. बदली होईल त्या भागावरचे पुस्तक आधी शोधायची आणि मगच ट्रंक भरायची.

पुस्तक घरून वाचून ये. इथे आल्यावर डोळे वर हवेत. फार तर एखादे पान पुन्हा काढायचे. आणि यादी लांबवू नकोस. एका फेरीत दोन-तीन पुस्तके झाली तरी भरपूर. इंग्लंडात हार्डीचे वाचक डॉर्सेटच्या गावांतून हिंडतात, ब्राँटे बहिणींचे वाचक हॉवर्थच्या माळावर जातात. तिकडे पायवाटांना पाट्या असतात. आपल्याकडे वाट माणसांना विचारावी लागते, म्हणून बोलायची लाज धरू नकोस.

सुरुवात दापोलीपासून कर. श्री. ना. पेंडशांचे गाव मुर्डी, आसूदच्या शेजारचे. 'गारंबीचा बापू' १९५२चा. नकाशातली गारंबी मुरूड-जंजिऱ्याकडे आहे, ती शोधत जाशील तर फसशील. कादंबरीतली झाडे-पाणी बघायचे तर आसूदला उतर आणि केशवराजाच्या वाटेला लाग. पाखाडी उतरताना दोन्ही बाजूंना पोफळीची आगरे लागतात, पाटाचे पाणी वाहत असते, खाली ओढ्यावर पूल आहे, मग चढण आणि वर देऊळ. तिथे गोमुखातून पाणी पडते, ते पी. पण देवळात पोचायची घाई करू नकोस. अर्ध्या पाखाडीवर थांबून कान दे. एका घरातली हाक दुसऱ्या घरात सहज ऐकू येते, आणि त्याच घरी पायी जायचे तर उतरून पुन्हा चढावे लागते. आवाजाला जवळ आणि पायाला लांब अशी ही वस्ती आहे. पेंडशांच्या गावात कोणाचे काही झाकून का राहत नाही, हे मला त्या पाखाडीवर कळले.

पेंडशांचेच 'तुंबाडचे खोत' वाचणार असशील तर आधी खोती म्हणजे काय ते समजून घे. खोत म्हणजे नुसता मोठा जमीनदार नव्हे; सरकारसाठी गावचा सारा वसूल करणारा आणि त्या जोरावर कुळांच्या चुलीपर्यंत हात पोचलेला माणूस. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले, आणि खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. एवढे माहीत असेल तर त्या दोन खंडांतला वाडा वेगळा दिसतो. तुंबाड खरेच आहे, खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी. पालगडही वाटेत कर. साने गुरुजींचा जन्म तिथला, १८९९चा, आणि 'श्यामची आई' लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली. गाव बघताना हे लक्षात ठेव की कोठडीत बसलेल्या माणसाने ते आठवून लिहिले आहे.

आता खाडीचे. इथला समुद्रकाठ घड्याळावर फिरता येत नाही, तिथीवर फिरावा लागतो. तिथीची पाऊणपट कर, भरती पूर्ण होण्याचा तास येतो. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध असो की वद्य. दिवसाचा तास तोच, रात्रीचाही साधारण तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धर. तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा खडकांच्या टोकावर पुस्तक घेऊन बसायचे नाही. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पावसाळ्यात तर हिशेब येत असला तरी पाण्यापासून लांबच राहा.

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने ये, गुहागर करून तवसाळला जा आणि तिथून पुन्हा फेरीने जयगडला उतर. पुलावरून गेलीस तर खाडी पाच मिनिटांत मागे पडते. धक्क्यावर बोटीची वाट बघत बसलीस म्हणजे जुन्या पुस्तकांतली माणसे बंदरावर ताटकळत का असतात ते अंगाला कळेल.

जयगडहून खाली मालगुंड. केशवसुतांचे गाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे स्मारक उभारले आहे. १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गणपतीपुळ्याला येणारी गर्दी इथे पाच मिनिटे डोकावते आणि निघते. तू सकाळी जा, दुपारपर्यंत बस. जमले तर मे महिन्याच्या शेवटी ये, वारा नैर्ऋत्येकडून वाहायला लागतो तेव्हा. केशवसुतांची 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यांस' ही कविता तेव्हा वाच. घर लांब राहिलेल्या माणसाला तो वारा काय आणून देत असेल ते अंगणात उभे राहून समजते.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. आगरे, माड, देवळे एवढ्यावर फेरी संपवू नकोस. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे आहे. माधव कोंडविलकरांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' हे त्या गावचे पुस्तक, १९७९चे. चांभार समाजात जन्मलेला शिक्षक आपल्याच गावात कसा वागवला गेला, ते त्यात आहे. पेंडशांच्या शेजारी हे ठेवून वाच. ज्या पाखाडीचे आपण कौतुक करतो ती सगळ्यांना सारखी मोकळी नव्हती. याच गावच्या सड्यावर कातळशिल्प आहे, आणि २०२२ साली कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली त्यांत ते आहे. सड्यावर सकाळी नऊच्या आत जाऊन ये. जांभा तापला की सावलीला झाड मिळत नाही. शिल्पाच्या रेषेवर पाय ठेवायचा नाही, खडूने गिरवायचे तर मुळीच नाही.

वागण्याचे थोडके सांगते. लेखकाचे गाव म्हणून कोणाच्याही खळ्यात शिरू नकोस. गडग्याबाहेरून हाक मार, आत बोलावले तर जा. फोटो विचारून काढ. वस्तीची एसटी कोणती आणि परतीची शेवटची कधी, हे उतरतानाच कंडक्टरला विचार. पुस्तक आधी वर्तमानपत्रात आणि मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळ, आणि ओले झाले तर पिशवीत कोंडू नकोस, उघडून वाऱ्यावर ठेव. इथल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते.

शेवटचा मुक्काम रत्नागिरीत. थिबा राजवाडा बघच. ब्रह्मदेशचा राजा १८८६ साली इथे आणला गेला आणि १९१६ साली इथेच वारला. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस'मध्ये ही रत्नागिरी आहे. आणि मग नगर वाचनालयात जा. ते १८२८चे आहे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर १८६४चे. २००५ आणि २०२१च्या पुरांत पाणी शिरून त्याची पुस्तके भिजली, तरी ते उभे आहे. दुकानात न मिळणारी कोकणची पुस्तके अशाच कपाटांत मिळतात. तेव्हा इथून जाताना आंब्याच्या पेटीला पैसे काढशील, त्यातले थोडे एखाद्या वाचनालयाच्या वर्गणीलाही काढ.