उन्हाळ्यात कोंबड्यांना आवळ्याचा आधार

मार्च लागला की अथणी-गोकाककडे ऊन तापू लागते, तर गोव्याकडे दमट उकाडा सुरू होतो. आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांत मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अंड्यांच्या पैशांवर भागतो. म्हणून कोंबडीला ऊन का बाधते, हे आपण नीट समजून घेऊ या.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. बाहेरचा पारा ३२ च्या वर गेला की ती चोच उघडून धापा टाकते, पंख पसरून बसते. धापांवाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचा समतोल बिघडतो आणि अंड्याचे कवच पातळ होते.

निरोगी कोंबडी ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते. पण कडक उष्म्यात ते पुरत नाही. इथे आवळा उपयोगी पडतो. हिवाळ्यात आवळे स्वस्त असताना बिया काढून, फोडी सावलीत वाळवून पूड करावी. एक किलो खाद्यात ५ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे पूड मिसळावी. मीठ लावलेला आवळा देऊ नये. जास्त मीठ कोंबड्यांना बाधते. बुरशी आलेली पूड टाकून द्यावी. ऊन वाढण्यापूर्वी आठ-दहा दिवस पूड सुरू करावी. कोंबडी कोलमडल्यावर पूड चारून उठत नाही.

परंतु बंधुभगिनींनो, आवळा म्हणजे पाणी-सावलीला पर्याय नव्हे, हे आम्ही आग्रहाने सांगतो. एरवी कोंबडी खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते; कडक उन्हात चौपटही पिते. भांडी सावलीत ठेवून दिवसातून तीन-चार वेळा गार पाणी भरावे. पचनानेही अंगात उष्णता वाढते, म्हणून खाद्य पहाटे व ऊन उतरल्यावर द्यावे. कोरड्या भागात खुराड्याला ओले गोणपाट लावावे. दमट भागात ओल न वाढवता वारा खेळता ठेवावा.

धापांबरोबर मान वाकडी होणे, हिरवी हगवण लागणे असे दिसले, तर तो मानमोडी म्हणजे राणीखेत रोग असू शकतो. तिथे आवळ्यावर विसंबू नये, पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचा दाखला प्रभू येशूने दिला आहे. त्या मुक्या जिवाला उन्हात सावली देणे हे आपले काम आहे.