वकील मोफत मिळतो; मग त्याचे पैसे कोण देतं?

घरातल्या कुणाला अटक झाली की पहिल्या दोन दिवसांत जो पैसा जातो, तो बहुतेकदा घाबरून जातो. दागिने गहाण पडतात, पतसंस्थेचं कर्ज निघतं, ओळखीतला कुणीतरी ‘माझ्या माहितीतला वकील आहे’ म्हणत पुढे येतो. एवढी धावपळ करण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची कुठलीही अट नाही. तो कोठडीत आहे, एवढं पुरेसं आहे.

हा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायद्यातला. कायदा १९८७चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ला. मोफत वकील कोणाला, हे त्याच्या कलम १२मध्ये आहे आणि ते कलम लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप उदार आहे. कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न विचारता वकील मिळतो. तिचा स्वतःचा पगार चांगला असला, माहेर सधन असलं, तरी फरक पडत नाही. पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा, घरातली मारहाण, मालमत्तेतला वाटा अशा कामांसाठी ‘आम्ही काही गरीब नाही’ म्हणून संकोचणाऱ्या बायकांनी हे जरूर वाचावं. मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, वेठबिगारी किंवा मानवी तस्करीतून सुटलेले, जातीय अत्याचाराचे किंवा पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तींचे बळी यांनाही उत्पन्नाची अट नाही. यांपैकी कशातच न बसणाऱ्यासाठी मर्यादा आहे: महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपये, सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणासाठी ५ लाख.

उत्पन्नाच्या पुराव्यापाशी अनेक अर्ज अडतात. तहसील कार्यालयातला दाखला यायला वेळ लागतो आणि तोवर तारीख निघून जाते. कलम १३ सांगतं की अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तरच पुढची चौकशी. कुणी दाखल्यासाठी परत पाठवलं, तर या कलमाचा आकडा सांगा.

अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा, तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समितीकडे. साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले विधी स्वयंसेवक लिहून घेतात. १५१०० या हेल्पलाइनवर फोन करूनही मार्ग मिळतो. सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा आणि नकार आला तर अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्ह्यात प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे, अपील करता येतं.

अटकेच्या बाबतीत मात्र सात दिवस थांबायचं कारण नाही. आरोपीला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करतात, तेव्हाच वकील मागायचा. मागताना ‘विधी सेवेचा वकील हवा’ असं म्हणा, कारण कोर्टात सरकारी वकील हा फिर्यादी पक्षाचा असतो. आरोपीने मागितलं नाही, तरी त्याला या हक्काची जाणीव करून देणं हे दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये कसाबच्या खटल्याच्या निकालात बजावलं. शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि अपिलासाठी वकील मिळायला हवा, हे तर होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८च्या निकालापासून ठरलेलं आहे.

आता पैशांचं. विधी सेवेचे वकील दोन प्रकारचे. पहिले पॅनेलवरचे. त्यांची स्वतःची खासगी वकिली चालू असते आणि प्राधिकरण एकेक प्रकरण त्यांच्याकडे सोपवतं. पॅनेलवर येण्यासाठी किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. त्यांना ठरलेल्या दराने मानधन मिळतं. काम संपल्याचा अहवाल दिला की ते विलंब न लावता द्यावं, असा नियम आहे. पण हे मानधन खासगी फीच्या मानाने तुटपुंजं असतं. खासगी पक्षकार आणि विधी सेवेचा पक्षकार यांची तारीख एकाच दिवशी आली, तर कोणाचं काम मागे पडण्याची भीती आहे, हे सांगायला नको. या व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि तिची किंमत तुरुंगात बसलेला माणूस मोजतो.

म्हणूनच दुसरा प्रकार महत्त्वाचा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२च्या योजनेतून जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयं उभी राहिली. मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोकअभिरक्षक हे पूर्णवेळ वकील. त्यांना दरमहा ठरावीक मानधन मिळतं आणि खासगी वकिली करता येत नाही. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान दहा वर्षांचा अनुभव हवा, उपमुख्याला सात. नेमणूक कंत्राटी, सुरुवातीला दोन वर्षांची. २०२३-२४ पासूनच्या तीन वर्षांसाठी केंद्राने या योजनेला ९९८.४३ कोटी रुपये ठेवले. रिमांड, जामीन, खटला, अपील हे सगळं लोकअभिरक्षक पाहतात, पण फक्त आरोपी आणि शिक्षा झालेल्यांसाठी. पीडितांना आणि दिवाणी किंवा कौटुंबिक दाव्यांना पॅनेलवरचा वकील मिळतो. माझ्या मते दरमहा पैसे मिळणारा, एवढंच काम करणारा वकील आरोपीच्या जास्त उपयोगाचा, आणि दिवाणी बाजूलाही अशी सोय व्हायला हवी.

तुमच्या खिशातून काय जातं? वकिलाची फी नाही, कोर्ट फी नाही, समन्स बजावण्याचा खर्च नाही. प्रमाणित प्रती, टंकलेखन, भाषांतर, अपिलाची कागदपत्रं हेही प्राधिकरणाकडे. घर ते कोर्ट हा प्रवास आणि बुडालेली मजुरी मात्र तुमचीच.

जामिनाची रक्कमही विधी सेवेत येत नाही. जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी आत राहिलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्राची वेगळी योजना आहे. २०२३च्या सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंग प्रशासनाने जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. घरच्यांनीही सचिवांना भेटून आठवण करून द्यावी.

नेमलेल्या वकिलाने ‘वरखर्च’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. नियमांनुसार त्याला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. तारीख, मागितलेली रक्कम आणि प्रकरणाचा क्रमांक लिहून सचिवांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. वकील तारखांना येत नसेल तरी हाच मार्ग. दुसरा वकील मागता येतो, पॅनेलवरच्या एखाद्याचं नावही सुचवता येतं. फक्त मधेच न सांगता खासगी वकील लावू नका, तसं केल्यास मंजूर झालेली मदत काढून घेतली जाऊ शकते.