पावसाआधीचा धडा: परसातल्या कोंबड्या, परसबाग आणि मधली तीन कुंपणं

*कृषी सल्ला | मे महिना, शेवटचा आठवडा*



भाताच्या राबाची तयारी सुरू असेल, बी भिजत घालायचे दिवस जवळ आलेत. तरी आजचा सल्ला भातावर नाही, घरामागच्या परसावर आहे. शहापूर, मुरबाड, कल्याण ग्रामीण, अंबरनाथ, कुठेही जा, दहा-पंधरा कोंबड्या आणि मांडवावर एखादा वेल नाही असं घर कमीच. त्या अंड्यांचा पैसा ताईंच्या हातात राहतो. वही-पेन, रिक्षाभाडं, औषधाची गोळी त्यातून भागते. म्हणूनच कोंबड्या मेल्या की घराचं रोजचं गणित बिघडतं.

मेसेज लांब आहे. आज अर्धा, उद्या अर्धा वाचा, पण घरात ज्या कोंबड्या बघतात त्यांना नक्की वाचून दाखवा.

*आधी माझ्या घरची गोष्ट*

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या मेसचे अर्धे पैसे आई अंड्यांतून देत होती. घरी २२ पक्षी होते. मे महिन्यात वडिलांनी आठवडी बाजारातून एक छान तुऱ्याचा कोंबडा आणला आणि त्याच संध्याकाळी बाकीच्यांत सोडला. दुसऱ्या दिवशी तो पेंगायला लागला. आई म्हणाली, प्रवासाने दमला असेल. पाचव्या-सहाव्या दिवशी कोंबड्या हिरवट-पांढरं पातळ हगायला लागल्या, चोच उघडून श्वास घ्यायला लागल्या, दोघींची मान वळून पाठीवर गेली. आठवड्याभरात १९ मेल्या.

आम्ही त्या ओढ्यात टाकल्या. पुढच्या आठवड्यात खालच्या पाड्यात मर लागली. ती आमच्यामुळे लागली हे मला तेव्हाच कळलं होतं, कारण त्याच महिन्यात वर्गात हा रोग शिकवला होता. घरी मात्र लस कुणी केली नव्हती. मीही नाही.

हा रोग म्हणजे आपल्याकडची *मानमोडी*, पुस्तकातला *राणीखेत*. एकदा लागला की औषध नाही. लस आहे, ती वेळेत करायची एवढंच आपल्या हातात आहे. परसात कोंबडी आणि भाजी दोन्ही ठेवायच्या तर तीन कुंपणं लागतात. आजचा धडा तेवढाच.

*कुंपण पहिलं: आपली कोंबडी आणि बाहेरचा रोग*

नवीन पक्षी बाजारातून, पाहुण्यांकडून किंवा विकत घेतलेल्या पिल्लांतून येवो, त्याला *तीन आठवडे वेगळं ठेवा*. वेगळं म्हणजे घराच्या दुसऱ्या बाजूला, टोपल्याखाली किंवा जाळीत, त्याचं पाण्याचं भांडंही वेगळं. आधी जुन्या कोंबड्यांना दाणा-पाणी, मग नव्याला, मग हात धुवायचे. बाजारात नेलेली पण न विकलेली कोंबडी परत आणली तर तीही नवीच धरा.

लसीचं वेळापत्रक (हे घरात लिहून लावा):

▪️ ५ ते ७ वा दिवस: लासोटा, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब
▪️ १४ वा दिवस: गंबोरो, एक थेंब
▪️ २८ वा दिवस: लासोटा पुन्हा
▪️ ६ ते ८ आठवडे: देवीची लस, पंखाच्या पातळ कातडीत
▪️ ८ ते १० आठवडे: आर-टू-बी (राणीखेत), पंखाखाली कातडीत अर्धा मिली

पुढे आर-टू-बी कधी द्यायची ते पशुवैद्यकांना विचारा, बहुतेक ठिकाणी दर सहा महिन्यांनी देतात. ही लस जोरदार आहे, सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला देऊ नका. आजारी पक्ष्यालाही नको. आठवडाभर आधी जंताचं औषध दिलेलं असेल तर लस चांगली लागते. अंड्यावरच्या कोंबड्या लसीनंतर काही दिवस कमी अंडी देतील, घाबरू नका.

आता खरी अडचण. लसीची कुपी १००-२०० पक्ष्यांची असते आणि आपल्या घरी पक्षी १२. कुपी एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली दुसऱ्या दिवशी चालत नाही. एकटं घर म्हणतं, बारा कोंबड्यांसाठी कोण एवढं करणार? असं सगळेच म्हणतात आणि पाडा बिनलशीचा राहतो. उपाय सोपा आहे: *सगळ्या पाड्याची लस एकाच संध्याकाळी.* संध्याकाळीच का? ऊन नसतं आणि कोंबड्या खुराड्यात आलेल्या असतात, धरायला पळापळ नको. लस थर्मासमध्ये किंवा थर्माकोलच्या डब्यात बर्फावर आणायची. खिशात, गाडीच्या डिकीत आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

*बर्ड फ्लूबद्दल दोन शब्द.* फेब्रुवारी २०२२ आठवतोय? शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत एका फार्मवर शंभराच्या आसपास कोंबड्या मेल्या, तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या आतले सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करायचं ठरलं. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये, ठाणे शहरात मेलेल्या बगळ्यांत हाच रोग सापडला होता. एक किलोमीटरचा गोल काढला की त्यात फार्मची कोंबडी आणि परसातली कोंबडी असा भेद राहत नाही. म्हणून:

▪️ एकदम तीन-चार पक्षी मेले, तुरा निळा-काळा पडला, डोकं सुजलं, तर पक्षी कापू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा.
▪️ रोग दडवून पक्षी पटापट विकणं म्हणजे शेजाऱ्याच्या दारात रोग पोचवणं.
▪️ एखाद-दुसरा पक्षी मेला तर विहिरीपासून लांब, तीन-चार फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवा.
▪️ तळ्यावर, ओढ्यावर बगळे-बदकं बसतात तिथे कोंबड्या चरायला सोडू नका.

अंडं-कोंबडी नीट शिजवून खायला हरकत नाही. अफवेने घाबरून कोंबड्या मातीमोल भावात विकू नका.

*कुंपण दुसरं: कोंबडी आणि भाजी*

कोंबडी उकरणारच. तिला शिव्या देऊन उपयोग नाही, जाळी लावा. साडेचार-पाच फूट उंच जाळी, खालचा अर्धा फूट मातीत. उडणाऱ्या कोंबडीचा *एकाच* पंखाची लांब पिसं कातरा, तोल जातो आणि ती उडत नाही. जाळीला पैसे नसतील तर जुनी मासेमारीची जाळी, करवंदी-बांबूचा कूडही चालतो. कुंपणाकडेने शेवगा लावा, त्याचा पाला कोंबड्याही खातात.

आपल्याकडचा पाऊस लक्षात घेऊन *गादीवाफेच* करा, वीतभर तरी उंच. सपाट वाफ्यात जुलैमध्ये मुळं कुजतात. अर्धा गुंठा जागा कुटुंबाला पुष्कळ झाली:

▪️ मांडवावर: कारलं, दोडका, पडवळ. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण तारा (कारलं), कोकण हरिता (दोडका), कोकण श्वेता (पडवळ) ही वाणं आपल्या हवेला बसलेली आहेत.
▪️ वाफ्यात: भेंडी, वांगी, मिरची.
▪️ मोरीच्या पाण्यावर: अळू, केळ.
▪️ मेथी, पालक, मुळा आता नको. मुसळधार पावसात सडतात. दसऱ्यानंतर लावा.

बचत गटातल्या ताईंना "माझी पोषण परसबाग" मोहीम माहीत असेल. तिथला गोल वाफ्यांचा नकाशा चांगला आहे, मध्ये खतखड्डा आणि भोवती वाफे. आपण फक्त कोंबड्यांचं कुंपण जोडायचं.

पीक संपलं की दार उघडा. आठ दिवस कोंबड्या वाफ्यात सोडल्या तर अळ्या, कोष, तणाचं बी वेचून खातात. पण त्या वाफ्यात लगेच पालेभाजी नको, मांडवावरचा वेल लावा.

*कुंपण तिसरं: ताजी विष्ठा आणि कुजलेलं खत*

शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, कोंबडीखतात अडीच-तीन टक्के. म्हणूनच ताजं टाकलं की मिरचीची रोपं जळतात. आणि दुसरी गोष्ट, ताज्या विष्ठेतले जंतू पालेभाजीवर चढतात, ती भाजी आपण कोशिंबिरीत कच्ची खातो. नियम असा: *ताजी विष्ठा पडलेल्या वाफ्यात चार महिने पालेभाजी, मुळा, काकडी नाही.*

खत असं करा. खुराड्यात खाली तीन इंच भाताचं तूस पसरा. गिरणीवर सहज मिळतं. आठवड्यातून दोनदा दाताळ्याने हलवा, ओलं झालं तर भुरभुर चुना टाकून वर नवं तूस. भरलं की काढून खड्ड्यात: एक थर तूस-विष्ठा, दोन थर पालापाचोळा, थोडी माती. वर प्लास्टिक झाका, नाहीतर पावसात सगळं नत्र धुऊन ओढ्यात जाईल. महिन्यातून एकदा वर-खाली करा. अडीच-तीन महिन्यांत वास जातो, मातीसारखा रंग येतो, मूठ दाबली तर हाताला गरम लागत नाही. तेव्हाच वापरा. एका चौरस मीटरला अर्धा किलो पुरे.

*पावसाळ्यात खुराडं*

▪️ जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, पायांना पत्र्याचं कडं. मुंगूस, रानमांजर, साप वर चढत नाहीत.
▪️ दहा पक्ष्यांना पाच बाय चार फूट जागा.
▪️ जाळीची बाजू पूर्वेला. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्या बाजूला गोणपाट किंवा ताडपत्री.
▪️ पण हवा कोंडू नका. ओल आणि कोंडलेली हवा आली की रक्ती हगवण आलीच. पिल्लं रक्त हगायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

*दाणा देताना सांभाळा.* कणी, कोंडा, भाजीचा पाला, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं, शिंपल्यांचा चुरा, सगळं चालतं. तीन गोष्टी कधीच नाही: (१) *औषध लावलेलं भाताचं उरलेलं बी.* दर जूनमध्ये कुणीतरी हे अंगणात झटकतं आणि संध्याकाळपर्यंत कोंबड्या मरतात. ते बी खोल पुरा. (२) बुरशी आलेला दाणा. "कोंबडीला चालतंय" असं नाही, तिचं लिव्हर खराब होतं. (३) उंदरांच्या औषधाचं आमिष ठेवलेल्या बांधावर कोंबड्या सोडणं.

*गावठी की सुधारित?* गावठी वर्षाला ६०-८० अंडी देते, ग्रामप्रिया-गिरीराजसारखी सुधारित त्याच्या जवळपास दुप्पट. पण सुधारित कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. म्हणून दोन-तीन गावठी ठेवाच. खुडूक कोंबडीखाली १०-१२ अंडी, २१ दिवस, मशीनची गरज नाही. विकताना मात्र सुधारित कोंबडीचं तपकिरी अंडं "गावठी" म्हणून विकू नका. डोंबिवलीचं गिऱ्हाईक एकदा फसेल, मग आपल्या सगळ्यांकडून घेणं बंद करेल.

गटारीला कोंबडा विकायचा असेल तर हिशेब उलटा धरा. आषाढी अमावस्येला पाच महिन्यांचा कोंबडा हवा म्हणजे पिल्लं शिमग्याच्या आधी आणलेली हवीत. यंदा उशीर झाला, पुढच्या वर्षासाठी कॅलेंडरवर खूण करा. श्रावणात मागणी पडते, तेव्हा अंड्यांवर भर द्या.

*कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांतल्या सभासदांसाठी:* शेजारी आता इमारती आहेत. आरवण्याची तक्रार येते तर कोंबडा ठेवूच नका, कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी देते. फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. तूस कोरडं ठेवलं तर वासही येत नाही. आणि पक्षी वाढवण्याआधी महापालिका कार्यालयात नियम विचारून घ्या.

*या आठवड्यात करायची चार कामं*

१. आपल्या पाड्यातली, आळीतली घरं आणि पक्षी मोजा.
२. या नंबरवर "लस" असं लिहून पाड्याचं नाव आणि पक्ष्यांची संख्या पाठवा. १०० पक्षी जमले की पशुवैद्यकांशी बोलून आपण संध्याकाळ ठरवू.
३. सगळ्या कोंबड्यांना जंताचं औषध द्या. मात्रा दवाखान्यातून विचारून.
४. खुराड्याचं छप्पर आणि गोणपाट मृगाच्या आधी बांधून घ्या.

सभासद नसलेल्या शेजाऱ्यालाही यादीत धरा. कोंबडी कुणाची आहे हे रोग विचारत नाही. आमच्या खालच्या पाड्यातल्या लोकांनी त्या वर्षी आम्हाला काही म्हटलं नाही, पण आईने पुन्हा कोंबड्या घेतल्या तेव्हा पहिली लस तिने त्यांच्या पक्ष्यांना करायला लावली, आणि मग आपल्या.

शंका असेल तर व्हॉइस मेसेज टाका, संध्याकाळी उत्तर देते.

तुमची कृषी सल्लागार 🌾