पिल्लं उतरवण्याआधी बॉक्सवरची तारीख वाचा

कराराने ब्रॉयलर पाळणाऱ्याच्या माथी पहिल्या आठवड्याची मरतूक कशी मारली जाते, हे मी माझ्याच शेडवर पाहिलंय. ‘तुमचं ब्रूडिंग चुकलं’ एवढं एक वाक्य पुरतं. कंपनीचं नाव घेत नाही. संगमनेरच्या पठारावर ज्यांचे शेड आहेत त्यांना नाव सांगायची गरजही नाही. पण झालं काय ते सांगणार आहे, कारण ब्रूडिंग माझं चुकलं नव्हतं.

मे महिन्याची बॅच. श्रावण लागायच्या आत माल निघावा म्हणून कंपन्या या दिवसांत शेड भराभर भरतात. पाच हजारांचा माझा शेड, तूस पसरलेलं, वर कागद, दहा चिक गार्ड, गुळाचं पाणी तयार. गाडी पुण्याकडून आळेफाट्यावरून बोट्याच्या रस्त्याने वर यायची होती, संध्याकाळी म्हणाले आणि आली मध्यरात्रीनंतर. पन्नास बॉक्स. बॉक्सला चार खण, चलनावर बॉक्सामागे १००, वर दोन जादा.

पहिले काही बॉक्स उघडले तर पिल्लं एकदम टवटवीत, चिवचिवाटाने शेड भरलं. मग एक बॉक्स उघडला आणि त्यात आवाजच नव्हता. पिल्लं होती, जिवंत होती, पण खणाच्या कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेली. एक हातात घेतलं. पाय वाळलेले, नडगीवरची शीर बोटाला कळत होती. पंख उघडून पाहिला तर पिसं बाकीच्या पिल्लांपेक्षा लांब. एका दिवसाच्या पिल्लाची पिसं इतकी लांब नसतात. बॅटरी घेऊन बॉक्सच्या बाजूची चिठ्ठी वाचली. तारीख आदल्या दिवसाची, फ्लॉकचा नंबरही वेगळा. बाकीचे बॉक्स तपासले, असे दहा निघाले.

ड्रायव्हर बिचारा सरळ माणूस. म्हणाला, “दादा, काल एका शेडवरची प्लेसमेंट कॅन्सल झाली. तिथले बॉक्स आज यातच चढवले.”

तिथे सगळा उलगडा झाला. दुसऱ्या कुणासाठी निघालेली पिल्लं, एक अख्खा दिवस मेच्या उकाड्यात पडून राहिलेली, माझ्या चलनावर ‘ताजी’ म्हणून आली होती.

नवीन माणसाला यात एवढं काय असं वाटेल. अंडं मशीनला २१ दिवस असतं, १८ दिवस सेटरमध्ये आणि शेवटचे तीन हॅचरमध्ये. सगळी पिल्लं एका वेळी फुटत नाहीत. पहिलं आणि शेवटचं यांत दिवसभराचं, कधी त्याहून जास्त अंतर पडतं. म्हणजे ट्रे बाहेर काढतात तेव्हाच काही पिल्लं बऱ्याच तासांची झालेली असतात. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं, म्हणून तर त्याला गाडीत घालून पाठवता येतं. पण तो बलक प्रवासात जाळायचा की पहिल्या आठवड्यात वाढीला वापरायचा, हे तास ठरवतात. त्यात उन्हाळा असला की पाणी आटतं आणि मग पिल्लू पाण्यापर्यंत चालायलाही तयार होत नाही.

त्या रात्री एक काम मी केलं आणि त्यानेच माझी बाजू उभी राहिली. ते दहा बॉक्स वेगळे ठेवले आणि त्यांतली पिल्लं शेडच्या मधोमध असलेल्या दोन गार्डांत सोडली. मधली जागा मुद्दाम निवडली. दाराकडे किंवा पडद्याजवळ ठेवली असती तर वारा लागला म्हणाले असते. खाद्य तेच, पाणी तेच, बल्ब तेवढेच. आठवडाभरात त्या दोन गार्डांतून दीडशेच्या वर पिल्लं गेली. बाकीच्या आठ गार्डांत मिळून चाळीसेक, म्हणजे शेकडा एक, जेवढी चांगल्या बॅचलाही धरून चालतात. सातव्या दिवशी वजन घेतलं: इकडे १७० ग्रॅमच्या पुढे, तिकडे १३० सुद्धा नाही. एकाच शेडमध्ये एकाच माणसाचं ब्रूडिंग आठ ठिकाणी बरोबर आणि दोन ठिकाणी चूक कसं होईल, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

सुपरवायझर साहेब तिसऱ्या दिवशी आले. मी त्यांना दोन्हीकडची पिल्लं दाखवली, चिठ्ठ्यांचे फोटो दाखवले. फोटो त्यांनी नीट पाहिलेसुद्धा नाहीत. “होतं असं कधीकधी,” म्हणाले. मी म्हणालो, साहेब, मग हेच बॅच कार्डावर लिहा. तर म्हणाले, “कार्ड कंपनीचं आहे, त्यावर काय लिहायचं ते मी ठरवतो.” आणि लिहिलं काय? ‘ब्रूडिंग तापमान कमी.’ मे महिन्यात! पठारावर दुपारी शेडच्या पत्र्यावर पाणी मारावं लागतं त्या दिवसांत माझी पिल्लं थंडीने मेली, असं कागदावर आलं. जाताना वर सांगून गेले, “बॉक्स लवकर जाळून टाका, रोगराई नको.” बॉक्स जाळायचेच असतात, ते खरं आहे. पण त्या बॉक्सवरच पुरावा होता.

हॅचरीला फोन केला तर ‘रेकॉर्ड बाहेर देता येत नाही’. त्यांच्याकडे रेकॉर्ड असतं, हे लक्षात घ्या. कोणत्या फ्लॉकची अंडी कोणत्या दिवशी मशीनला लागली, किती फुटली, किती पिल्लं कोणत्या शेडवर गेली, सगळं असतं.

मग हिशेबाचा कागद. मेलेल्या पिल्लांची किंमत उरलेल्या मालाच्या किलोवर चढते, त्यांनी खाल्लेलं खाद्यही चढतं, एफसीआर बिघडतो, उत्पादन खर्च स्टँडर्डच्या वर गेला की ग्रोइंग चार्ज कापला जातो. त्यातून मोजणीतली तूट वेगळीच. त्या रात्री मी ड्रायव्हरसमोर तीन बॉक्स मोजले होते, एकातही शंभर भरले नाहीत. पण चलनावर पन्नास बॉक्सचे पाच हजार. माझ्या करारात शेवटी कमी भरलेल्या पक्ष्यांची वसुली शेतकऱ्याकडून आहे. म्हणजे जे पिल्लू माझ्या शेडवर उतरलंच नाही त्याचे पैसे मी दिले.

म्हणून सांगतो. गाडी कितीही रात्री येवो, घाईने उतरवू नका. हमालांना थांबवा. आधी प्रत्येक बॉक्सच्या चिठ्ठीचा फोटो, ज्यात तारीख आणि फ्लॉक नंबर वाचता येईल असा. वेगळी तारीख किंवा वेगळा फ्लॉक दिसला तर ते बॉक्स वेगळ्या गार्डात सोडा आणि त्या गार्डाची मरतूक वहीत वेगळी लिहा. फ्लॉक वेगळा असणंही साधं नाही. कमी वयाच्या कोंबडीचं अंडं लहान, आणि पिल्लू अंड्याच्या दोन तृतीयांश वजनाचं भरतं. लहानमोठी पिल्लं एकत्र पडली की लहान खाद्यापासून लांब ढकललं जातं आणि बॅच शेवटपर्यंत एकसारखी होत नाही. काही बॉक्स काट्यावर ठेवा, रिकामा बॉक्स वजा करा. निदान दर दहातला एक बॉक्स ड्रायव्हरसमोर मोजा आणि तूट चलनाच्या मागे लिहून त्याची सही घ्या, दोन्ही प्रतींवर. चोवीस तासांनी पिल्लांचे गळे चाचपा. जवळपास सगळ्यांचे भरलेले पाहिजेत. मरतूक वाढली तर त्याच दिवशी ताजी मेलेली पिल्लं बर्फात घालून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेत पाठवा. सुपरवायझरच्या तोंडी निदानाला हिशेबात किंमत नसते, प्रयोगशाळेच्या कागदाला असते. आणि करार वाचा, हे काय सांगायचं. कोरे चेक देऊ नका, हेही सगळे सांगतात आणि तरी सगळे देतात.

मी प्रश्न विचारले त्याची किंमतही मोजली. त्या बॅचनंतर माझा शेड रिकामा राहिला. फोन केला की ‘पिल्लू शॉर्ट आहे’. शेजारच्या गावात मात्र गाड्या उतरत होत्या. बँकेचा हप्ता कुणासाठी थांबत नाही.

पिल्लू खरंच शॉर्ट होतं का, हे मला तपासता येत नव्हतं, आणि खरं दुखणं तेच आहे. आज मशीनला लागलेलं अंडं तीन आठवड्यांनी पिल्लू होतं आणि साधारण सहा आठवड्यांनी बाजारात येतं. म्हणजे नऊ आठवड्यांनंतर माल किती येणार, हे हॅचरीवाल्याला आजच दिसतं. श्रावणात प्लेसमेंट किती कमी करायची, गटारीसाठी किती वाढवायची, सगळं त्या आकड्यावर चालतं. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनने कोरोना होतो अशी अफवा उठली आणि भाव कोसळला, तेव्हा शेड किती काळ रिकामे राहणार हेही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अमेरिकेत त्यांचं कृषी खातं दर आठवड्याला प्रसिद्ध करतं, की हॅचरींनी किती अंडी लावली आणि किती पिल्लं शेडवर टाकली. तिथला शेतकरी ते वाचतो. आमच्याकडे तो आकडा कंपनीच्या ऑफिसात राहतो आणि त्याचा फटका तेवढा शेडवर येतो.

पशुसंवर्धन विभागाकडे माझी मागणी साधी आहे: हॅचची तारीख, फ्लॉकचं वय आणि मोजून भरलेली पिल्लं, हे तिन्ही चलनावर छापणं प्रत्येक हॅचरीला बंधनकारक करा. तोपर्यंत, शेडवाल्यांनो, हे तीन रकाने पेनने तुम्हीच लिहा, ड्रायव्हरची सही घ्या, आणि मगच स्वतःची करा.