मक्याचे घरचे बियाणे

आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीकडे खरिपाचा मका आता बहुतेक संकरित वाणाचा असतो. त्याच्या पिकाचे दाणे पुन्हा पेरले असता झाडे एकसारखी निघत नाहीत व उतार घटतो; म्हणून बी दरसाल विकत घ्यावे लागते. देशी पांढऱ्या मक्याचे बी घरी ठेवता येते. तथापि ते आपोआप टिकते असे मात्र नाही.

एके वर्षी आम्ही कणसे घाईने सोलून दाणे पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद केले. वरून ते कोरडे दिसत होते. ज्येष्ठात 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहिले, तो अवघे 41 उगवले. ओल आत कोंडली होती. भावकीतील एका घरी आढ्याला कणसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या, म्हणून वाण राहिला.

बियाण्यात ओल 12 टक्क्यांहून अधिक नसावी. ओल एक टक्का उतरली की बियाण्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. कोरड्या बाटलीत मूठभर दाणे व चमचाभर कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेस चिकटल्यास दाणा ओला समजावा. न चिकटले तरी आणखी दोन-तीन उन्हे द्यावीत, कारण सुमारे 15 टक्क्यांखालील ओल मीठ दाखवीत नाही. सोंडा किडा पुष्कळदा शेतातूनच दाण्यात शिरून येतो. पूर्वी चुलीच्या धुराने त्याचा बंदोबस्त होई. हल्ली चुली गेल्या, यास्तव चाळलेली कोरडी राख बियाण्यात मिसळावी.

महसूल खात्यात बांधांच्या तक्रारी लिहिण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु मक्याच्या परागास बांध ठाऊक नाही. शेजारच्या पिवळ्या मक्याचा पराग कणसाच्या केसांवर पडला, की त्याच हंगामात पांढऱ्या कणसात पिवळसर दाणे दिसतात. ते वेचून टाकावेत. दोन्ही शेतांत 200 मीटर अंतर राखावे, अथवा पेरणीत तीन-चार आठवड्यांचा फरक करावा. चार थोराड कणसांवरच बी धरण्याची चाल वाईट. त्याने वाण पुढे दुबळा होतो. शेताच्या मध्यातील शंभरेक निरोगी झाडांचे एकेक कणीस घ्यावे.

नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे बाएफ संस्थेने आदिवासी शेतकऱ्यांसह मक्याचे देशी वाण राखले आहेत. घरचे बी राखण्याचा व अदलाबदलीचा हक्क 2001 च्या कायद्याने शेतकऱ्यास आहेच. आम्ही आता एक डबा घरी व काही जुड्या त्या भावकीच्या घरी ठेवतो.